उजव्या बटणाची बखर

बखर म्हटली म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढे पानिपत उभे राहते. घोड्यांच्या टापा, तोफांचा धूर, आणि शेवटी ‘बहुत काय लिहिणे’. माझ्या या बखरीत घोडा नाही. एक उंदीर आहे, आणि तोही प्लॅस्टिकचा. रणभूमी म्हणाल तर टेबलावरची वीतभर जागा. पण हुकूम कोणी सोडायचा, आणि कोणत्या हुकुमांची यादी कोणी लिहायची, हे बखरींतले जुने भांडण येथेही आहे. म्हणून दिवाळीच्या फराळाबरोबर हा मजकूर वाचकांपुढे ठेवण्याचे धाडस करतो.

ज्यांच्या घरी टेबलावरचा संगणक आहे त्यांना हा प्रकार नित्याचा. माऊसचे डावे बटण दाबले की वस्तू निवडली जाते, दोनदा दाबले की उघडते. उजवे बटण दाबले की मात्र काहीच घडत नाही. त्या वस्तूशेजारी एक यादी उतरते. उघडा, कापा, नक्कल करा, पुसून टाका, नाव बदला. चित्रावर दाबले तर एक यादी, कागदावर दाबले तर दुसरी, मोकळ्या पडद्यावर दाबले तर तिसरी.

इंग्रजीत या यादीला मेन्यू म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ बारीक, तपशीलवार. तो खाणावळीच्या पत्रकावरून संगणकात आला. तरीही उजव्या बटणाची यादी मला खाणावळीच्या फळ्यासारखी वाटत नाही. फळा सर्वांना सारखाच. बसा आणि वाचा. ही यादी पंगतीतल्या जाणत्या वाढप्यासारखी आहे. तो पानाजवळ येतो, काय संपले ते पाहतो, आणि तेवढेच विचारतो. भात नुकताच कालवणाऱ्याला तो ताक विचारीत नाही. पाहून विचारणे हा या यादीचा सारा गुण, आणि तो माणसाने यंत्राला शिकवला त्याची हकीकत अमेरिकेत सुरू होते.

माऊसचा जनक डग्लस एंगलबार्ट. स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत 1964 च्या सुमारास बिल इंग्लिश यांनी त्याचा पहिला नमुना लाकडात बनवला, आणि त्याला बटण एकच होते. पुढे 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोला एंगलबार्टनी जाणकारांच्या मोठ्या सभेपुढे आपला सारा संसार मांडून दाखवला, तेव्हा माऊसला तीन बटणे झाली होती. तीनच का, याचे त्यांचे उत्तर गमतीचे होते: त्यापेक्षा जास्त बसत नव्हती म्हणून! मोठमोठ्या शोधांच्या मुळाशी पुष्कळदा असा सुताराचा हिशेब असतो.

बटणे झाली, पण त्यांना कामे वाटून देणारे लोक निराळे. कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोला झेरॉक्स कंपनीची एक संशोधनशाळा होती. तिथे 1973 साली ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला आणि त्यावर ॲलन के, डॅन इंगल्स, ॲडेल गोल्डबर्ग या मंडळींनी ‘स्मॉलटॉक’ नावाची भाषा घडवली. शाळकरी पोरांनाही आपापले यंत्र घडवता यावे, ही त्यांची जिद्द. त्यांच्याकडे माऊसच्या बटणांना रंगांची नावे होती: तांबडे, पिवळे, निळे. तांबडे निवडण्यासाठी. पिवळे दाबले की आतल्या मजकुराची यादी उघडे: कापा, नक्कल करा, चिकटवा. निळे दाबले की चौकटीची यादी: सरकवा, लहान करा, बंद करा. आणि ही यादी हात जिथे असेल तिथेच उमटे. ती शोधायला पडद्याच्या टोकाला जावे लागत नसे. आजच्या उजव्या बटणाचे कुळ हेच.

त्या मंडळींची मला सर्वांत मोठी वाटणारी गोष्ट पुढेच आहे. त्यांच्या यंत्रात यादी ही देवाने दिलेली वस्तू नव्हती. ती कशी लिहिली आहे हे कोणालाही उघडून पाहता येई आणि तिथल्या तिथे बदलता येई. डिसेंबर 1979 मध्ये ॲपल कंपनीचे स्टीव्ह जॉब्ज तिथे पाहुणे म्हणून गेले. मजकूर पडद्यावर हिसके देत सरकतो, तो सलग सरकला तर बरे, असे काहीसे त्यांनी म्हटले. ॲलन के यांनी लिहून ठेवले आहे की इंगल्स यांनी यंत्र बंद न करता, पाहुण्यांच्या देखत, मिनिटाच्या आत ती तऱ्हा बदलून दाखवली. पाहुणे चकित झाले आणि घरी गेले. जाताना खिडक्या नेल्या, माऊस नेला. घरच्या माणसाने घराची भिंत हलवावी ही मुभा मात्र तिथेच राहिली. पुढे ‘बाइट’ मासिकाने ऑगस्ट 1981 चा अंक स्मॉलटॉकला वाहिला. मुखपृष्ठावर रंगीत फुगा उडताना दाखवला होता. आपल्याकडे अशा अंकाला विशेषांक म्हणतात, आणि विशेषांकाचे महत्त्व दिवाळीच्या दिवसांत वाचकांना सांगायला नकोच.

ॲपलने तर बटणेच कमी केली. 1983 सालच्या त्यांच्या ‘लिसा’ला बटण एकच. या मताचे मोठे पुरस्कर्ते लॅरी टेस्लर. कापा-नक्कल करा-चिकटवा ही आज साऱ्या जगाच्या बोटांत बसलेली त्रयी रुळवण्यात ज्यांचा मोठा वाटा, तेच हे टेस्लर. नवशिक्या माणसाला दोन बटणे दिली की तो कोणते दाबू म्हणून खाली पाहत बसतो, असा त्यांचा अनुभव. यात तथ्य नाही असे कोण म्हणेल? मी स्वतः निवृत्त शिक्षकांना माऊस धरायला शिकवले आहे, आणि ‘डावे, मास्तर, डावे!’ असे ओरडून घसा कोरडा केला आहे. तरीही आमच्या भाषेत पारख करण्याला ‘डावे-उजवे करणे’ म्हणतात. ज्याला बटणच एक, त्याने पारख कशी करावी? अखेर ॲपललाही वळावे लागले. 1997 मध्ये त्यांच्या यंत्रांवर एक कळ दाबून धरली की यादी मिळू लागली, आणि 2005 मध्ये उजव्या बाजूची दाब ओळखणारा माऊस त्यांनी स्वतःच बाजारात आणला.

मधल्या काळात विद्यापीठांतल्या मोठ्या यंत्रांवर एक निराळी परंपरा वाढत होती. एमआयटी या संस्थेत 1984 साली ‘एक्स’ नावाची खिडक्यांची व्यवस्था निघाली, आणि 1987 मध्ये टॉम लास्ट्रेंज यांनी तिच्यासाठी ‘ट्विम’ नावाचा कारभारी लिहिला. या कारभाऱ्याची यादी साध्या मजकुराच्या फायलीत असे. मालकाने ती फाईल उघडावी, हवी ती ओळ घालावी, नको ती खोडावी. आपल्याकडे लग्न ठरले की दोन्हीकडची वडीलधारी बसून यादी करतात, तसेच हे. फरक इतकाच की इथे दोन्ही पक्ष आपणच. पुढे लिनक्सवाल्यांनी हा वारसा चालवला.

सामान्य घरांत मात्र उजवे बटण आले ते ‘विंडोज 95’ बरोबर. तारीख 24 ऑगस्ट 1995. त्याच महिन्याच्या पंधरा तारखेला आपल्याकडे विदेश संचार निगमाने सर्वसाधारण लोकांसाठी इंटरनेट खुले केले होते. म्हणजे नऊ दिवसांच्या अंतराने दोन दारे उघडली. आधीच्या विंडोजमध्ये उजवे बटण जवळजवळ बेकार असे. आता ते कुठेही दाबा, यादी हजर. यादी बदलण्याचीही सोय होती, पण ती तळघरात. तिचे नाव रजिस्ट्री.

रजिस्ट्री म्हणजे काय हे समजायला पुण्याचे पेशवे दफ्तर आठवावे. तिथे कागद रुमालांत बांधून ठेवलेले असतात. रजिस्ट्रीतही रुमालात रुमाल, त्याच्या पोटात आणखी रुमाल. प्रत्येक प्रकारच्या फायलीचा एक रुमाल. त्याच्या आत ‘शेल’ नावाचा. त्याच्या आत यादीतल्या ओळीचा. आणि सर्वांत आत ‘कमांड’, म्हणजे ती ओळ निवडल्यावर काय करायचे तो हुकूम. तिथे नवा रुमाल बांधला की यादीत नवी ओळ उमटते. रुमाल चुकीचा सोडला तर मात्र यंत्र सुरूच होणार नाही अशीही पाळी येते, म्हणून हात लावण्यापूर्वी दफ्तराची नक्कल काढून ठेवणे हा जाणत्यांचा शिरस्ता. ज्यांना तळघरात उतरण्याचे धैर्य नाही त्यांच्यासाठी माडीवर एक सोपी सोय होती, ती म्हणजे ‘सेंड टू’ नावाचा फोल्डर. त्यात ज्याचा शॉर्टकट ठेवाल त्याचे नाव उजव्या बटणाच्या ‘सेंड टू’ या ओळीखाली येते. ही सोय पहिल्या दिवसापासून होती आणि अजून आहे. मायक्रोसॉफ्टच्याच काही अभियंत्यांनी त्या वेळी ‘पॉवर टॉइज’ नावाची लहान अवजारे फुकट वाटली, त्यांतही या यादीत भर घालणारी दोन-तीन होती. नाव खेळण्यांचे, काम सुतारकीचे.

पण तळघराची वाट घरच्या धन्याने फारशी तुडवली नाही. तुडवली ती पाहुण्यांनी. संगणकावर जो जो नवा प्रोग्रॅम चढे तो तो रजिस्ट्रीत आपला रुमाल बांधून जाई. फायली आवळून बांधणारा आला, त्याच्या चार ओळी. विषाणू शोधणारा आला, त्याची एक. गाणी वाजवणारा आला, त्याच्या दोन. धनी विचारतो, ‘तुम्हांला कोणी बोलावले?’ आणि पाहुणे म्हणतात, ‘आम्ही घरचेच!’ काही वर्षांत ही यादी पडद्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत लोंबू लागली. पाहून विचारणारा वाढपी गेला आणि बाजारात गिऱ्हाईक ओढणारे दहा दुकानदार आले. यादी छाटण्याचे तंत्र शिकवणारी सदरे संगणकाच्या मासिकांत येऊ लागली ती याच दिवसांत.

मराठी माणसाची अडचण आणखी निराळी. मराठी लिहिण्याची सोय तशी लवकर झाली होती. भारतीय लिप्यांचा सामायिक कळफलक ‘इन्स्क्रिप्ट’ 1986 साली ठरला. पुण्यात 1988 मध्ये सी-डॅक ही सरकारी संस्था निघाली, आणि 1991 मध्ये भारतीय लिप्यांच्या संकेतांचे मानक ‘इस्की’ प्रसिद्ध झाले. छापखान्यांत, पत्रिका छापणाऱ्यांकडे, वर्तमानपत्रांत संगणकावर सुरेख मराठी अक्षरे उमटू लागली. पण सर्रास वापरात होते ते निरनिराळ्या कंपन्यांचे खासगी फाँट, आणि त्यांतली देवनागरी हे नुसते सोंग होते. आत इंग्रजी अक्षरांचे आकडे, वर मराठी मुखवटा. त्या फाँटात फायलीचे नाव लिहायला जावे तर ‘कुलकर्णी’चे काहीतरी इंग्रजी अक्षरांचे भजे होई, कारण यादीचा आणि नावांचा फाँट यंत्राचा, आपला नव्हे. कागदावर ज्ञानेश्वरी छापता येत होती. यादीत ‘पुसा’ एवढा शब्द लिहिता येत नव्हता. हे बंधन सुटले ते 2000 साली, ‘विंडोज 2000’ मध्ये. युनिकोडच्या जगभरच्या संकेतांतली देवनागरी त्यात पहिल्यांदा आली आणि सोबत ‘मंगल’ नावाचे अक्षर आले. ते रेखाटले आपल्या र. कृ. जोशींनी, ज्यांनी आयुष्यभर देवनागरीच्या वळणांचा विचार केला. फायलीचे नाव, फोल्डरचे नाव, यादीतली ओळ, सारे मराठीत लिहिता येऊ लागले. पुढे सबंध यंत्राचा पेहराव मराठी करण्याची जोडणीही कंपनीने दिली, आणि लिनक्सच्या बाजूने स्वयंसेवकांनी हजारो ओळी मराठीत आणल्या.

त्या भाषांतरकारांपुढे जो प्रश्न उभा राहिला तो इंग्रजाच्या स्वप्नातही येणार नाही. इंग्रजीत ‘कट’ म्हटले की संपले. मराठीत काप, कापा, कापावे, यांतले काय लिहायचे? मुळात बोलतो कोण? मी यंत्राला सांगतो आहे की यंत्र मला सुचवते आहे? यंत्र मला सांगत असेल तर ‘कापा’ हे योग्य; ते नोकर, मी धनी. मी यंत्राला सांगत असेन तर ‘काप’ पुरे. नोकराला अहो-जाहो कशाला? भाषांतरकारांनी बहुतेक ठिकाणी ‘करा’ हे आदरार्थी रूप धरले. शहाणपणाची तडजोड. पण ‘करा’ वाचताना पडद्यापलीकडचा कोणी साहेब आपल्याला सांगतो आहे असे वाटते, हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे.

हे ऐकले ते बहुतेक आमच्या मंद्रूपात. सोलापूरहून विजापूरच्या रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटरवर आमचे गाव. मी तिथे शाळेत इतिहास शिकवला. आणखी पुढे गेले की भीमा, आणि भीमेपलीकडे कर्नाटक. बाजारात मराठीत भाव विचारावा आणि कन्नडात घासाघीस करावी, अशी आमची रीत. आमच्याच दक्षिण सोलापूर तालुक्यात, सीना जिथे भीमेला मिळते तिथे हत्तरसंग कुडलचे संगमेश्वराचे देऊळ आहे. सोलापूरचे संशोधक आनंद कुंभार यांनी उजेडात आणलेला तिथला शिलालेख शके 940, म्हणजे इसवी सन 1018 चा. मराठीच्या अगदी आरंभीच्या लेखांत त्याची गणना होते, आणि त्यातल्या मराठी वाक्याचा आशय, जो हे वाचील तो विजयी होवो, असा आहे. मुलांना मी तिथे नेत असे. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी वाचणाऱ्याला आशीर्वाद देऊन ठेवला, याचे मला वर्गातही कौतुक वाटे आणि आजही वाटते.

गावात अर्ज भरून देणारी, कागद स्कॅन करून देणारी दुकाने आहेत. त्यांतले एक एका जोडप्याचे. यजमान इंग्रजी यादी सराईतपणे वापरायचे. त्यांच्या पत्नीला, ज्यांना सारे अक्का म्हणतात, मराठी-कन्नड दोन्ही वाचता येई, इंग्रजीशी मात्र ओळख नव्हती. यजमान सोलापूरला गेले की दुकान बंद. शेतकरी सातबारा, आधार, पासबुक घेऊन यायचा आणि कुलूप पाहून परत जायचा. विम्याच्या शेवटच्या तारखेला असे कुलूप म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या घरी विचारावे. अक्कांनी ओळींच्या जागा पाठ करून पाहिल्या. वरून अमुकावी ओळ म्हणजे नाव बदलणे. पण ‘डिलीट’ आणि ‘रिनेम’ या दोन ओळी एकमेकींना चिकटून बसलेल्या. बोट एक ओळ चुकले की एखाद्याच्या वारसाचा कागद कचऱ्याच्या टोपलीत. टोपलीतून परत काढता येतो हे खरे, पण टोपलीचे नावही इंग्रजीच.

सबंध यंत्राचा मराठी पेहराव चढवावा असे मी सुचवले. यजमान नको म्हणाले. त्यांचा हात इंग्रजीवर बसलेला. मग त्यांच्या मुलाने आणि मी ‘सेंड टू’ची वाट धरली. आधी पाहुण्यांच्या ओळी काढल्या. मग अक्कांना विचारले, ‘अक्का, तुम्हांला दिवसभरात कागदाचे काय काय करावे लागते?’ त्यांनी बोटांवर मोजून आठ कामे सांगितली. यादी अशी करतात, हे मला त्या दिवशी उमगले; कंपन्या यंत्राला काय येते ते लिहितात, अक्कांनी माणसाला काय लागते ते सांगितले. फोटो लहान कर. कागद पीडीएफ कर. छाप. सातबाऱ्याच्या फोल्डरात टाक. बँकेच्या फोल्डरात टाक. अशा त्या ओळी.

मुलाने सवयीने ‘करा’ असे लिहिले होते. अक्का म्हणाल्या, ‘गुरुजी, मी त्याला सांगायलीय का ते मला सांगायलंय?’ भाषांतरकारांनी वर्षानुवर्षे घोळलेला प्रश्न त्यांनी एका वाक्यात विचारला आणि उत्तरही त्याच क्षणी दिले. ‘करा’ जाऊन ‘कर’ आले. चार दिवसांनी यजमान सोलापूरला गेले तेव्हा दुकान उघडे होते.

2021 च्या ऑक्टोबरात ‘विंडोज 11’ आले, आणि त्यात या यादीचा पुन्हा नवा कारभार झाला. यादी आखूड झाली, कापणे-नक्कल ही कामे वरच्या बाजूला लहान चित्रांत गेली, आणि बाकीचा जुना पसारा ‘आणखी पर्याय दाखवा’ अशा अर्थाच्या शेवटच्या ओळीमागे टाकला गेला. ठरावीक पद्धतीने बांधलेल्या प्रोग्रॅमलाच आता पुढच्या दालनात प्रवेश. रजिस्ट्रीत हाताने बांधलेला रुमाल मागच्या दालनात. पाहुण्यांची गर्दी हटली हे चांगलेच झाले, पण त्या झाडलोटीत घरच्या माणसाने स्वतः लिहिलेली ओळही परसात गेली, याची हळहळ वाटते. पुढच्या दालनात आपली ओळ आणण्याच्या युक्त्या जाणकारांनी लगेच शोधल्या, आणि दालनाचे दार बदलले की त्याही बदलतात.

अक्कांच्या दुकानात नवे यंत्र आले तेव्हा मला वाटले, आता मला बोलावणे येणार. आले नाही. आठवड्याने मीच गेलो. त्यांनी शेवटच्या ओळीची जागा ओळखून ठेवली होती, आणि शिफ्ट धरून एफ-दहा दाबले की मागचे दालन थेट उघडते हे कोणाकडून तरी शिकल्या होत्या. त्यांच्या यादीत आता नऊ ओळी होत्या. नववी कन्नड लिपीत, त्यांनी स्वतः घातलेली. भीमेपलीकडून शिकायला आलेल्या एका मदतनीस मुलीसाठी. मी वाचून दाखवायला सांगितले. ‘सण्णदु माडु,’ अक्का म्हणाल्या. लहान कर. तिथेही आदरार्थी ‘माडि’ लिहिलेले नव्हते.